सव्वा मूठ

शिंदखेड्याच्या बाजारपेठेत माझी पिठाची गिरणी आहे आणि माझं तोंड फाटकं आहे, या दोन गोष्टी गावात सगळ्यांना ठाऊक आहेत. माझा नवरा हितेंद्र गेला तेव्हा लोक म्हणाले, "दिपमाला, गिरणी विकून टाक, बाईमाणसाचं काम नाही ते." मी म्हटलं, "आजवर घरोघरी जातं कोणी फिरवलं? बाप्यांनी?" त्यानंतर मला सल्ला द्यायला कोणी आलं नाही. माझी मुलगी मेघा धुळ्याला नर्सिंग शिकते. घरात आम्ही दोघीच.

आता कानबाईचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. श्रावणात नागपंचमी झाली की येणाऱ्या रविवारी आमच्या खानदेशात घरोघरी कानबाई बसते. नारळाला डोळे काढायचे, नथ घालायची, साडी नेसवायची, रात्र गाण्यांत जागवायची आणि सोमवारी वाजतगाजत नदीवर न्यायचं. सगळी भाऊबंदकी एका घरी जमते. आमची जमते निमटेकला, मोठ्या मायकडे. मोठी माय म्हणजे पुष्पाबाई, हितेंद्रची थोरली काकू, आमच्या घराण्यातली सगळ्यांत वयस्क बाई.

देवीला नैवेद्य असतो रोटांचा, म्हणजे गव्हाच्या जाड पोळ्यांचा. त्या गव्हाची आमच्या घराण्यात एक रीत आहे. घराण्यातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू सुपात पडतात. एक मूठ भरून आणि वर थोडे. म्हातारा असो नाहीतर पाळण्यातला, नाव घ्यायचं आणि मूठ टाकायची, ती मोठ्या मायच्या हातानं. आणि हा रोट भाऊबंदांनीच खायचा. बाहेरच्या माणसाला त्यातला तुकडासुद्धा चालत नाही.

बायकांची मूठ नसते. बायका म्हणे नवऱ्याच्या नाहीतर मुलाच्या मुठीत येतात. हितेंद्र गेला आणि आमच्या घराची मूठ पडायची थांबली. रोट खाताना मला कोणी अडवलं नाही, ताटात वाढायचेच. पण वाढणारीचा हात माझ्या ताटाशी आला की मला वाटायचं, आपण पाहुण्या आहोत.

गंमत पुढेच आहे. पूर्वी हा गहू घरच्या जात्यावर दळायचे. आता कोणाच्या कमरेत तेवढा जोर उरला नाही, म्हणून तो दळायला माझ्याच गिरणीत यायचा. मी आदल्या दिवशी गिरणी बंद ठेवायची, दगड झाडून पुसून घ्यायची, डोक्यावरून अंघोळ करायची आणि मग तो दळायची. पोत्याचं तोंड लाल नाड्यानं बांधायचं, म्हणजे दुसऱ्या पिठात मिसळायला नको. दरवर्षी पट्टा फिरायला लागला की माझ्या मनात एकच यायचं, या पोत्यातला एकही दाणा आपला नाही.

गेल्या वर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी निमटेकला गेले आणि मोठ्या मायला सरळच विचारलं. ती ओट्यावर डाळ निवडत बसली होती.

"मोठी माय, औंदा मेघाना नावनी मूठ टाका. मनी नका टाकू, मना काही हट्ट नई. पोरनी टाका."

तिनं मान वर केली नाही. "रीत नई शे, माय," एवढंच म्हणाली.

चिडून म्हणाली असती तर मी चार शब्द ऐकवून मोकळी झाले असते. ती शांतपणे म्हणाली, म्हणून जास्त लागलं. मी म्हटलं, "मंग ऐकी ल्या. औंदा पीठ दळी दिसू, देवीना पाया पडसू आनि परत जासू. रोटना घास खावाव नई. आनि पुढला सालले दळाले दुसरी गिरनी दखा." ती डाळीतले खडे काढत राहिली. मी चहा न घेता निघाले.

श्रावण आला. शनिवारी छगननाना पावसात भिजत पोतं घेऊन आले. नाना म्हणजे मोठ्या मायचे धाकटे दीर, घराण्यातले कर्ते पुरुष, आवाज असा की गिरणी चालू असतानाही ऐकू यावा. "नीट दळजो, बेटा," म्हणाले. मी म्हटलं, "आजवर कवय वाकडं दळं का?" ते हसले आणि गेले. मी दळलं, लाल नाडा बांधला, पोतं कोपऱ्यात उभं केलं. रविवारी सकाळी सणाला आलेल्या मेघाला घेऊन ते निमटेकला पोचवायचं, आणि माझा हिशेब संपला.

रविवारी उजाडताना नानांचा फोन आला. त्यांचा आवाज बसलेला होता. मी तो आवाज तसा कधी ऐकला नव्हता.

"दिपमाला, रेवाडं गयं व."

रेवाडं हे निमटेकच्या खाली, नदीच्या अगदी काठाला लागून असलेलं गाव. वर कुठे डोंगरात पाऊस कोसळला होता आणि नदी रात्रीतून गावात शिरली होती. माणसं पोरांना खांद्यावर घेऊन, शेळ्या ओढत, अंधारात चढ चढून निमटेकला आली होती. माणूस एकही दगावला नव्हता. बाकी काही उरलं नव्हतं. सगळं गाव निमटेकच्या शाळेत आणि मारुतीच्या मंदिरात ओल्या कपड्यांनी बसलं होतं.

"धान्य शे आमनाकडे," नाना म्हणाले. "कोठ्या भरेल शेतस. पन लाइट नई, गिरनी बंद. इतला लोकेसले काय गहू चावाले देऊत? पीठ आन, बेटा. जितलं भेटी तितलं आन."

रविवार म्हणजे दळणाचा दिवस. मी दार उघडलं तेव्हा ओट्यावर डब्यांची रांग लागलेली होती आणि छत्र्या घेऊन माणसं उभी होती. मी ओट्यावर चढून सांगितलं, "आज कोणाचं दळण मिळणार नाही. रेवाडं वाहून गेलंय. आज गिरणी त्यांच्यासाठी चालणार. ज्याला राग यायचा त्याला येऊ द्या."

मला वाटलं होतं, कुरकुर होईल. मी उत्तरंसुद्धा तयार ठेवली होती. रांगेत पहिली उभी होती ती पोस्टाच्या गल्लीतली एक बाई, दर आठवड्याला पीठ जाड आलं म्हणून माझ्याशी भांडणारी. तिनं आपला डबा उचलला आणि माझ्यापुढे ठेवला. "मग हे आधी दळ," म्हणाली, "आणि त्यांनाच दे. बारीक दळ जरा, पोरं खातील." तिच्या मागच्यानं डबा पुढे सरकवला. त्याच्या मागच्यानं. डबे नुसते सरकत सरकत माझ्या पायाशी आले आणि माणसं रिकाम्या हातांनी पावसात घरी गेली. काहीजण पुन्हा आले, घरातलं तयार पीठ घेऊन.

माझं तोंड त्या दिवशी पहिल्यांदा बंद झालं. ही तीच माणसं, जी पावशेर कमी भरलं तर दुकान डोक्यावर घेतात. मी गिरणी चालू केली आणि धान्य ओतत राहिले.

शेजारच्या आडतवाल्या लालचंदशेठनी गोदाम उघडून गव्हाची पोती माझ्या दारात टाकली. त्यांची बायको सूरजबाई चातुर्मासात एकच वेळ जेवते, चालताना भिंतीचा आधार घेते. ती पदर पसरून अख्ख्या पेठेत फिरली. नाही म्हणायची सोयच नव्हती, कारण ती कोणाकडे मागतच नव्हती. दुकानापुढे जायची आणि पदर पसरून गप्प उभी राहायची. तेल आलं, डाळ आली, मीठमिरची आली, चादरी आल्या. किराणावाला, कापडवाला, सोनार, एकमेकांचं तोंड न बघणारे भाऊसुद्धा एकाच ट्रॉलीत सामान चढवत होते. सूरजबाईंनी स्वतःच्या घरचंही एक पोतं पीठ आणलं.

त्यांचा मुलगा रोनक ट्रॅक्टर घेऊन आला. तिशीचा गडी, बोलायला गोड, डोळ्यांवर चष्मा, ट्रॅक्टर मात्र झकास हाकतो. दुपार व्हायच्या आत निघालो, कारण निमटेकच्या रस्त्यावर एक फरशी पूल आहे आणि त्यावर पाणी चढायला लागल्याची बातमी होती. मी आणि मेघा ट्रॉलीत पोत्यांवर, त्यांतच माझं रोटाचं पोतं, वरून ताडपत्री. फरशीवर चाकाच्या निम्म्यापर्यंत पाणी होतं. रोनकनं त्यांच्या जैनांचा नवकार मंत्र म्हटला, मी कानबाईचं नाव घेतलं, मेघानं माझा हात धरला. पलीकडे चढलो आणि मागे वळून पाहिलं, तर फरशी दिसेनाशी झाली होती.

शाळेच्या आवारात पाऊल टाकलं आणि मला रडू फुटलं. एवढी माणसं आणि आवाज नाही. पोरंसुद्धा गप्प. नदीकाठच्या भिलाटीतली, भिल्ल वस्तीतली माणसं, रेवाड्याचे पाटील, तांबोळी, मजूर, सगळ्यांच्या अंगावर सारखाच गाळ. कोण कोणाचं ते कळत नव्हतं. निमटेकच्या बायका आधीच चुली मांडून बसल्या होत्या. ओली लाकडं धुमसत होती. मी उडी मारून उतरले आणि रोनकला ओरडून सांगितलं, "लाल नाड्याचं पोतं मोठ्या मायच्या घरी दे! बाकी सगळं इथे उतरव!"

मग मी चुलीपाशी बसले ती उठलेच नाही. चार बायका परातींत पीठ मळत होत्या, आम्ही लाटत होतो, शेकत होतो. मेघा पोरांच्या जखमा पुसत फिरत होती. रोनक वाढत होता, "घ्या काका, अजून एक घ्या," करत. माणसं पहिला घास हातात घेऊन नुसती बघत बसायची आणि मग एकदम खायला लागायची. एक म्हातारी, रेवाड्याची सुगंधाबाई, कोरडी पोळी छातीशी धरून बसली होती. मी डाळीचं पातेलं पुढे करून म्हटलं, "खा माय, डाय लई ले." ती म्हणाली, "गरम शे. जरासा शेक लेस." मी तव्यावरून आणखी एक काढून तिच्या दुसऱ्या हातात दिली. मग मलाही भुकेची आठवण झाली आणि उभ्या उभ्या एक पोळी मिठाबरोबर खाल्ली. रोनकनं पण खाल्ली.

सगळ्यांची जेवणं उरकत आली तेव्हा नाना शाळेच्या फाटकातून आले, अक्षरशः धावत. मागून मोठी माय, नातवाच्या हाताला धरून, सावकाश.

"दिपमाला! रोटना पीठमा गूळ-सुपारी कोनी टाकी?"

मला काही कळेना. मोठ्या मायनं देवीपुढे पोतं सोडलं होतं आणि पिठावर कागदाच्या पुडीत गूळ आणि सुपारी निघाली होती. मी म्हटलं, "मी कशाले टाकसू?" तेवढ्यात माझ्या मागे रोनकच्या हातातला डाळीचा डाव खाली पडला.

"काकी, ते आमचं पोतं," तो म्हणाला. "आई देताना रिकामं देत नाही. शगुनाचा गूळ घालते आणि वरून लाल धागा बांधते. तुम्ही लाल म्हणालात, मला वाटलं आमचंच."

मी परातींकडे पाहिलं. परातींमागे रिकामी पोती पडली होती. त्यांतल्या एकावर माझा लाल नाडा होता, मी शनिवारी माझ्या हातानं बांधलेला. पीठ सगळं एकत्र मळलं गेलं होतं. जो जो जेवला होता, तो रोट जेवला होता. आणि मी, जिनं रोटाचा घास घेणार नाही म्हणून शपथ वाहिली होती, ती पण.

नानांचा आवाज परत आला. "देवीले निवद दखाडाना पह्यले परगावना लोक रोट खाई ग्यात! आजलोंग आसं व्हयनं नई! वाडवडीलेसनी पाळेल रीत!" रोनकनं दोन्ही कान धरले होते, त्याच्या चष्म्यावर पाणी होतं, पावसाचं की काय ते कळेना. रेवाड्याची माणसं उठून उभी राहिली. एकानं हातातली अर्धी पोळी हळूच ताटात ठेवली. ते पाहून माझं डोकं फिरलं.

"नाना," मी म्हटलं, "भूक्या मानूसना हातमाथून पोयी खाले ठेवाडी तुम्ही. देवीले हाई दखाडा पह्यले."

"तू बोलू नको! तुले काय, तुना घरनी..." आणि ते थांबले. पण मला ऐकू आलं. तुझ्या घरची मूठच नाही, तुला काय त्याचं. सगळ्या भाऊबंदांना ऐकू आलं.

मोठी माय शाळेच्या पायरीवर बसली होती. तिनं दम घेतला आणि मला विचारलं, "कितला जनसनी खादं?"

"बठ्ठासनी," मी म्हटलं. एकूण एक, सगळ्यांनी.

"बठ्ठासनी?"

"हा, मोठी माय. मी बी खादं."

मला तिची भीती वाटत होती, खरं सांगते. ही बाई कानबाईच्या दिवशी पाण्याचा घोटसुद्धा नैवेद्य झाल्यावर घेते. आता ती काय म्हणेल, कोणाला बोल लावेल, या माणसांना इथून उठायला सांगेल का, असलं सगळं डोक्यात येत होतं. ती उठली, पदर कमरेला खोचला आणि नातवाला म्हणाली, "घर जाय. देवीपुढलं सूप लई ये. आनि कोठीमाथून गहू."

"वयनी, काय करी ऱ्हायनी तू?" नाना म्हणाले.

"रीत पाळी ऱ्हायनू, भाऊ. आपला रोट भाऊबंदच खातस ना? ज्यासनी खादं त्या भाऊबंद व्हयनात. त्यासन्या मुठी टाकान्या ऱ्हाई ग्यात. त्या टाकसूत."

नाना तोंड उघडं ठेवून उभे राहिले. मी तिच्याकडे नुसती बघत राहिले. रीत मोडायची असती तर मीही मोडली असती, भांडून, ओरडून. हिनं रीत जराही मोडली नव्हती. तिनं ती पसरून एवढी मोठी केली होती की तिच्यात अख्खं रेवाडं मावलं.

वर्गाच्या दारात घोंगडी अंथरली. मोठी माय बसली, पुढे सूप, बाजूला गव्हाचं पोतं. "या," ती म्हणाली. "एकेक जन या. नाव सांगा."

कोणी पुढे येईना. शेवटी एक भिल म्हातारा आला, हात जोडून, वाकून. त्यानं नाव सांगितलं. तिनं ते मोठ्यानं उच्चारलं, गव्हात हात घातला, मूठ भरून सुपात सोडली आणि वर थोडे दाणे सोडले. म्हातारा तिथेच उभा राहिला. "आते बस," ती म्हणाली, "तू आमना शेस." मग रांग लागली. पाटील आले, मजूर आले, तांबोळ्याचा पोर आला. कडेवरची पोरं पुढे केली जायची, बाप नाव सांगायचा, मोठी माय ते नाव घ्यायची आणि मूठ पडायची. सूप भरलं की मेघा ते रिकाम्या पोत्यात ओतायची. रोनक कोपऱ्यात अजून कान धरून उभा होता. मोठ्या मायनं त्याला पाहिलं.

"शेठना पोऱ्या, तू बी खादं ना? कितल्या?"

"दोन, दादी."

"मंग ये ना आठे." लोक हसले. सकाळपासून त्या शाळेत पहिल्यांदा कोणी हसलं होतं.

कोठीचे गहू संपले. पोतं उलटं करून झटकलं, तरी रांग होतीच. मी उठणार तेवढ्यात फाटकातून नाना आत आले. कधी निघून गेले होते ते मला कळलंही नव्हतं. पाठीवर पोतं होतं, त्यांच्या स्वतःच्या घरचं, आणि ते या वयात एकट्यानं उचलून आणलं होतं. त्यांनी ते मोठ्या मायपुढे टाकलं, पोत्याचं तोंड सोडलं आणि धापा टाकत म्हणाले, "ले. कमी पडाले नको." आणि रांगेत मागे राहिलेल्यांना हाताला धरून पुढे आणायला लागले.

पुरुषांच्या रांगेत सुगंधाबाई उभी होती. तिची पाळी आली तेव्हा नाना हळूच म्हणाले, "माय, बायासनी मूठ ऱ्हास नई. तुना घरना मानूस कोनता?"

"मना घरमा मानूस नई," ती म्हणाली. "मीच शे. एकलीच." आणि तिनं दोन्ही हात पुढे केले, जणू नाना हाकलून देतील म्हणून आधीच पुरावा दाखवत होती. "पन खादं मी. दोन पोया खाद्यात."

मोठ्या मायचा हात गव्हात होता. तो तिथेच थांबला. तिनं सुगंधाबाईकडे पाहिलं, आणि मग मान वळवून माझ्याकडे. मी भिंतीला टेकून उभी होते, चुलीच्या धुरानं काळी झालेली. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. आखाजीचा ओटा, तिच्या पुढ्यातली डाळ आणि माझा न घेतलेला चहा तिलाही आठवला असावा. या बाईला आता काय सांगशील, मी मनात म्हणत होते. सांग तिला, रीत नाही म्हणून.

"सुगंधाबाई," मोठी माय मोठ्यानं म्हणाली. मूठ सुपात पडली. वर थोडे दाणे पडले. "सव्वा."

नानांनी बाजूला सरून वाट दिली. मग शाळेच्या भिंतीला टेकून बसलेल्या बायका एकेक करून उठायला लागल्या. लेकुरवाळ्या, पोरी, सासवा. आमच्याही घराण्यातल्या बायका, ज्या मघापासून चुलीपाशी होत्या, हात पुसत आल्या आणि रांगेत उभ्या राहिल्या. आयुष्यभर ज्यांनी तो रोट मळला, लाटला, भाजला, त्यांचं नाव त्या गव्हावर पहिल्यांदा घेतलं जात होतं. मोठी माय प्रत्येकीचं माहेरचं नावसुद्धा विचारत होती. बाहेर उजेड कमी होत गेला, कोणीतरी कंदील आणून तिच्याजवळ ठेवला. तिच्या हातावर सूज आली होती. मेघा म्हणाली, "आजी, आता दुसरं कोणी टाकेल." ती म्हणाली, "नई बेटा. मूठ मनीच पडी."

मी गेले नाही. माझा स्वभावच तसा. मी चुलीतली लाकडं ओढत बसले. सगळ्यांचं झालं, सूप ओतलं गेलं, तेव्हा तिनं हाक मारली.

"दिपमाला. इकडे ये."

मी गेले आणि तिच्यापुढे बसले. तिनं गव्हात हात घातला, पण बोटं मिटेनात. दाणे मधून मधून सांडत होते. तिनं पुन्हा हात घातला, पुन्हा सांडले. मग तिनं तो हात माझ्यापुढे केला.

"मनी मूठ वळी नई ऱ्हायनी. तू वरतून धर."

मी माझे दोन्ही हात तिच्या हाताभोवती धरले. थंडगार, सुजलेला, धुळीनं भरलेला हात. मी तो आवळला, आत गहू होते. तिनं सुपावर नेला आणि म्हणाली, "मेघा." आम्ही दोघींनी मूठ सोडली. मग पुन्हा गव्हात. "दिपमाला."

मी रडले. सगळ्यांसमोर, हुंदके देऊन रडले, आणि मला त्याची काही लाज वाटली नाही. तिनं तोच सुजलेला हात माझ्या डोक्यावर ठेवला. "आखाजीले चहा लेयेल नई तू," ती म्हणाली. "आते घर चाल."

निमटेकला वीज नव्हतीच. मोठ्या मायच्या घरचं जुनं जातं कोपऱ्यातून ओढून काढलं, शेजारची आणखी दोन आणली. रेवाड्याच्या आणि निमटेकच्या बायका आळीपाळीनं बसल्या. गळे मोकळे झाले, कोणीतरी कानबाईचं गाणं धरलं. सुगंधाबाईच्या जात्यावर समोरून मी होते. देवीला रोटांचा नैवेद्य दाखवला तेव्हा अंगणात उभं राहायला जागा नव्हती. त्यानंतर मोठ्या मायनं दिवसातला पहिला घोट पाणी घेतलं.

यंदाही शनिवारी नाना आले. पूर्वी एक पोतं यायचं, ते पाठीवर घेऊन यायचे. यंदा ट्रॅक्टर आला, आणि ट्रॉलीत नानांच्या शेजारी रेवाड्याची माणसं बसली होती. त्यांची घरं अजून निम्मी पत्र्याची आहेत, पण प्रत्येक घरानं गहू आणले होते आणि मोठ्या मायनं नावं घेऊन मुठी टाकल्या होत्या. निम्म्या मुठी मेघानं तिचा हात धरून टाकल्या, असं नाना म्हणाले. वर रोनकच्या आईनं गूळ-सुपारीची पुडी ठेवली होती, यंदा विचारून.

मी गिरणी बंद ठेवली होती, दगड पुसले होते, अंघोळ केली होती. पहिलं पोतं सोडलं आणि दळायच्या आधी दोन्ही हात कोपरापर्यंत गव्हात घातले. इतकी वर्षं मला पक्कं ठाऊक असायचं की यातला एकही दाणा माझा नाही. यंदा मी बराच वेळ हात तसेच ठेवून उभी राहिले. माझे दाणे त्यात होते, पण कुठले ते मला सांगता येईना.

"काय दखी ऱ्हायनी?" नानांनी विचारलं.

"काही नई," मी म्हटलं आणि पट्टा चालू केला.